चाळीस त्रिकोणांचं घर

अर्धवट काम मी गिऱ्हाइकाला दाखवत नाही. हा माझा नियम आहे आणि तो मी तेवीस वर्षं पाळला. कपडा अंगावर चढवून बघायची वेळ आली की मी आरशावर चादर टाकते. बायका चिडतात. "अहो, मला बघू तर द्या कसा दिसतोय ते," म्हणतात. माझ्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे उत्तर द्यावं लागत नाही. धंद्याच्या सुरुवातीला एका बाईला एकच बाही लावलेला झगा आरशात दिसला होता. तिने असं काही तोंड केलं की पुढे तो झगा कितीही देखणा झाला तरी तिला त्यात ते एका बाहीचं ध्यानच दिसत राहिलं. तेव्हापासून ही चादर. लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत. माझी एखादी शिवण उसवलेली आणून दाखवा आणि मग बोला.

या नियमापायी मी काय करून बसले ते सांगायचं आहे.

माझी धाकटी बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. घरात तिला बारकी म्हणायचो. आईवडील लवकर गेले, म्हणून तिची वेणी घालणारी मी आणि तिला धपाटे घालणारीही मीच. मी लग्न केलं नाही. बारकीचं शिक्षण, बारकीचं लग्न, बारकीची दोन बाळंतपणं यांत ते राहूनच गेलं, आणि खरं सांगते, फारसं काही अडलं नाही. बारकी शाळेत गणित शिकवायची. मला साधा पाढा म्हणताना अडखळायला होतं, आणि हिला आकडे दिसले की तोंडाला पाणी सुटायचं.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला रक्ताचा आजार निघाला. दवाखान्यात दाखल केलं आणि मुलं माझ्याकडे आली. थोरली अकरा वर्षांची. आईसारखी हिशेबाला पक्की आणि हुकूम सोडण्यात आईच्या दोन पावलं पुढे, म्हणून आम्ही तिला मास्तरीण म्हणतो. धाकटा सहा वर्षांचा. बहीण जाईल तिथे हा मागे, अगदी न्हाणीघराच्या दारापर्यंत, म्हणून तो शेपूट. मुलांचे बाबा दवाखान्यातच मुक्कामाला होते. औषधांनी बारकीच्या पांढऱ्या पेशी पार तळाला नेल्या होत्या. तिच्या खोलीत फुलं आणायची नाहीत, कापलेली फळं आणायची नाहीत आणि बारा वर्षांखालची मुलं आणायची नाहीत, असा फलकच दारावर लावला होता. मास्तरणीला बारा पूर्ण व्हायला चार महिने कमी होते. तिने मला तीनदा विचारलं, "खोटं सांगितलं तर?" मी नाही म्हणाले. ते बरोबर होतं का, आता मला माहीत नाही.

दोन्ही पोरं माझ्या दुकानात एका कोपऱ्यात नुसती बसून राहायची. एकदा शेपटाने माझ्या चिंध्यांच्या टोपलीत बसून दुपार काढली. मी बारकीला फोनवर म्हणाले, "तुझी पोरं मला बघवत नाहीत गं."

"त्यांना काहीतरी मोठं काम दे," ती म्हणाली. "एवढं मोठं की सुट्टी पुरणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने जेवणाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे एक आकृती काढून तिचा फोटो पाठवला. अर्धा गोल, आणि तो सगळा त्रिकोणांचा. खाली लिहिलं होतं: त्रिकोण चाळीस, लांब्या फक्त दोन. मग फोन आला आणि तिचा तास सुरू झाला. मुलं फोनला चिकटलेली, मी मशीनवर. घुमट चार फूट उंच हवा असेल तर आखूड बाजू सव्वासव्वीस इंच आणि लांब बाजू पावणेतीसला सूतभर कमी. दहा त्रिकोण सगळीकडून लांब बाजूंचे. उरलेल्या तीसमध्ये दोन बाजू आखूड आणि एक लांब. हे तीसवाले पाच पाच एकत्र आणायचे, आखूड बाजूला आखूड बाजू जोडायची, की एक उथळ टोपी तयार होते. अशा सहा टोप्या. मधल्या फटींत ते दहा बसवायचे, की झालं घर.

"एवढं सोपं?" मास्तरीण म्हणाली.

"सोपं म्हणजे सगळं माप नेमकं असेल तर. एक तुकडा जरी फिरला तरी बंद होणार नाही," बारकी म्हणाली. आणि मग जरा दम खाऊन म्हणाली, "मला या पलंगाचा इतका वीट आलाय. घरी आले की त्या घुमटात गादी टाकायची आणि आपण तिघांनी झोपायचं. तुमचे बाबा पाय दुमडून मावले तर त्यांनाही घेऊ."

"मावशी?" शेपटाने विचारलं.

"मावशी बाहेर राहील आणि आत कुणी मस्ती केली की ओरडेल."

एवढं सगळ्यांना पुरलं. समोरच्या फ्रिज-कपाटांच्या दुकानातून आम्ही रिकामी खोकी आणली. मागच्या खोलीतलं कापायचं टेबल मी दुकानात सरकवलं, म्हणजे मागे जमीन मोकळी झाली. आठ फुटांचा घुमट दहा फुटांच्या खोलीत. मास्तरणीने जमिनीवर खडूने गोल काढला आणि त्याच्या आत चपला घालून येणाऱ्याला शिक्षा जाहीर केली. शेपटाला प्रत्येक त्रिकोणावर नंबर घालायचं काम मिळालं. त्याचा सातचा आकडा उलटा यायचा. मी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सोडून दिलं.

आता चूक. ती एखादा शिंपीच करू जाणे. पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडायचा तर लोक डिंक लावतात, चिकटपट्टी लावतात. मुलांच्या बाबांनी फोनवर सांगितलं, "ताई, स्टेपलर मारा, दोन दिवसांत उभा राहील." मी म्हणाले, "आणि तुमच्या बायकोच्या डोक्यात पिना पडल्या तर?" मला ते डिंकाचं लबाड काम पटेचना. मी प्रत्येक त्रिकोणाला कडेने इंचभर जागा सोडली, ती दुमडली, दोन दुमडी पाठीला पाठ लावून धरल्या आणि दाभणाने, मेण लावलेल्या जाड दोऱ्याने शिवल्या. एका बाजूला बावीस टाके. हात सोलून निघाले. पण शिवण अशी बसली की त्या घुमटावर बैल उभा केला असता तरी ती सुटली नसती. मला अभिमान वाटला. तो अजून आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पहिली टोपी चार दिवसांत झाली. दुसरी टोपी मास्तरणीने स्वतः शिवायला मागितली. मी दिली. तिने तीन दिवस मान वर केली नाही. चौथ्या दिवशी टोपी पुरी झाली आणि एका अंगाला कुबड आलं. पाहिलं तर दोन तुकडे फिरले होते, लांब बाजू आखूड बाजूला ओढून शिवली होती. पोरीचा चेहरा उतरला. मी ब्लेड घेऊन उसवायला बसले. तिकडे एका गिऱ्हाइकाचं काम खोळंबलेलं, बोटं दुखत होती, आणि सकाळीच दवाखान्यातून रिपोर्ट वाईट आल्याचं कळलं होतं. तो राग मी पोरीवर काढला.

"आठवडा गेला या चुकीपायी," मी म्हणाले. "तुझी आई काय जन्मभर वाट बघत बसणार आहे का?"

बोलले आणि विसरले. मी दिवसाकाठी असली दहा वाक्यं बोलते. ती मी उसवलेले दोरे गोळा करत राहिली.

बारकीने पहिल्यांदा मागितलं ते त्याच संध्याकाळी. मुलं तिच्याशी व्हिडिओवर बोलत होती. शेपूट म्हणाला, "आई, मागे बघ, मागे!" मी झटकन फोन भिंतीकडे वळवला.

"अगं दाखव ना ताई," ती हसत म्हणाली.

"पुरा झाला की."

"तुझ्या त्या बायकांसारखं मलाही छळणार?"

"तू काय वेगळी लागून गेलीस?" मी म्हणाले. मुलं हसली. मुलांना तो खेळच वाटला. दुसऱ्या दिवसापासून फोन आला की शेपूट स्वतः धावत जाऊन मागच्या खोलीचा पडदा ओढायचा.

दुसऱ्यांदा मागितलं ते समोरासमोर. रविवारी सकाळी मला तासभर भेटू द्यायचे. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, पायांत निळ्या पिशव्या. बारकीचे केस गेले होते आणि भुवयाही गेल्या होत्या, त्यामुळे ती सारखी आश्चर्य वाटल्यासारखी दिसायची. मी तिच्यासाठी मऊ सुती टोपी शिवून नेली होती. ती घालून तिने पहिला प्रश्न केला, "कितीवर आलं?"

"तीन टोप्या."

"फोटो असेल ना फोनमध्ये. एकच दाखव."

फोटो होता. मास्तरीण रोज काढायची. फोन माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या मांडीवर. मी म्हणाले, "घरी येऊन बघ. तुझ्यासाठीच करतोय."

तिने टोपी कानांवर ओढून घेतली. म्हणाली, "हट्टी आहेस." आणि मग तिने विषय बदलला, शेपटाच्या दाताचं विचारलं.

मी फोटो का दाखवला नाही ते इथे सांगून टाकते, कारण दुसरीकडे कुठे ते मी सांगितलेलं नाही. नियम होताच. पण त्या रविवारी मी नियमासाठी नाही म्हणाले नव्हते. डॉक्टरांनी मला बाहेर थांबवून सांगितलं होतं की पेशी वर यायला हव्या होत्या तशा येत नाहीत. आणि माझ्या डोक्यात असं बसलं की हिचं काहीतरी बघायचं राहिलेलं असू दे. बघायचं राहिलं असलं की माणूस धरून राहतं. दाखवलं की ती म्हणेल, छान झालंय, आणि सुटेल. एवढी मोठी बाई मी, पुठ्ठ्याचं आमिष दाखवून बहिणीला इथे अडकवून ठेवायला निघाले होते. मला ते अगदी पटलं होतं. घरी आल्यावर टाके मी मुद्दाम जास्त बारीक घालायला लागले.

आठवडाभराने तिसऱ्यांदा तिने मेसेज केला: चार झाल्या ना? एक फोटो. मी लिहिलं: नाही म्हणजे नाही.

मंगळवारी तिला ताप भरला. संध्याकाळी चौथ्यांदा मेसेज आला. अक्षरं चुकली होती. लिहिलं होतं: ताई अर्धवट असला तरी चालेल गं. मी पण अर्धवटच आहे.

तिचे विनोद असेच असायचे. मी वाचून डोळे पुसले आणि लिहिलं: गप पड. पुरा झाल्यावर बघशील.

बुधवारी दुपारी तिला अतिदक्षता विभागात हलवलं, तिथे फोन ठेवू देत नव्हते. गुरुवारी सकाळी मी पाचव्या टोपीचा शेवटचा जोड शिवत होते. मास्तरीण समोर दोन्ही हातांनी पुठ्ठा दाबून धरून बसली होती. मुलांच्या बाबांचा फोन आला. ते काही बोललेच नाहीत. फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मी त्यांना म्हणत होते, "बोला ना, अहो बोला." मास्तरणीने हात काढले नाहीत. शिवण होईपर्यंत सोडायचं नाही असं मीच तिला शिकवलं होतं.

पुढचे पंधरा दिवस मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. माणसं आली, गेली. कुणीतरी माझं मशीन झाकून ठेवलं. कुणी शेपटाला देवाघरचं काहीबाही सांगितलं आणि तो मला विचारायला आला, "तिथे मुलांना सोडतात का? की बाराच्या वरची लागतात?" मी त्याला कुशीत घेतलं आणि इतकी रडले की शेवटी तोच मला थोपटायला लागला.

मुलांचे बाबा कामावर परत गेले. शाळा उघडेपर्यंत मुलं माझ्याकडेच ठेवायची ठरलं. सकाळी मी दुकान उघडायचे, अर्धं मन लावून बटणं लावायचे. मागच्या खोलीत पाच टोप्यांचा तो घुमट वरून उघडा उभा होता. मी तिकडे जात नव्हते.

मास्तरीण मात्र जायची. रोज दुपारी. मला वाटलं, आईची आठवण येते म्हणून आत बसते. पोरगी बदलली होती हे दिसत होतं, पण कोण बदललं नव्हतं? ती शेपटाच्या शर्टाची बटणं तीन-तीनदा तपासायची. पाण्याचा नळ बंद केला की जाऊन पुन्हा बघायची, मग पुन्हा. वहीत एक ओळ लिहायची, खोडायची, तीच ओळ पुन्हा लिहायची. सकाळी डोळे सुजलेले. शेपूट म्हणाला, "ताई झोपतच नाही. बसून राहते." मी तिला ओवा-पाणी दिलं, डोक्याला तेल लावलं. मला दुसरं काय येतं?

एके दिवशी दुपारी मी चहा द्यायला आत गेले. ती गोलाच्या आत मांडी घालून बसली होती. मांडीवर दुसरी टोपी, हातात ब्लेड, आजूबाजूला कापलेल्या दोऱ्यांचा ढीग. ती टोपी मी स्वतः दुरुस्त केलेली, तिच्यात काडीचा दोष नव्हता.

"अगं, का उसवतेस? बरोबर आहे ती."

"चुकली असेल," ती म्हणाली.

"मी केलीय ती. मोजून बघ."

"मोजली. चौदा वेळा मोजली." तिने ब्लेड खाली ठेवलं नाही. "मोजलं तेव्हा आधीही बरोबरच वाटलं होतं."

मी चहाचा कप जमिनीवर ठेवला आणि तिच्यासमोर बसले. माझे गुडघे कुरकुरतात, बसायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात तिच्या डोळ्यांत पाणी भरलं, पण ते खाली येईना.

"मी ते दोन तुकडे फिरवले नसते तर आठवडा वाचला असता," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट, गणित सोडवून दाखवावं तसा. "आठवड्यात दोन टोप्या झाल्या असत्या, तू पण शिवत होतीस ना. म्हणजे मंगळवारी सहाही झाल्या असत्या. दहा त्रिकोण बसवायला तीन दिवस धर, पण बाहेरून घुमट दिसला असता. मग तू आईला फोटो पाठवला असतास. आईने बघितला असता." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तू म्हणाली होतीस ना, आई काय जन्मभर वाट बघणार आहे का. ती नाही बघू शकली."

ते वाक्य मला आठवत नव्हतं आणि त्या क्षणी ते जसंच्या तसं आठवलं, माझ्याच आवाजात. हे पोर ते वाक्य पोटात घेऊन महिनाभर नळ तपासत फिरत होतं.

मी पहिल्यांदा तेच केलं जे कुणीही करेल. म्हणाले, "वेडी आहेस का, तुझी काही चूक नाही, आजारच तसा होता." तिने मान हलवली. मोठी माणसं काय बोलणार हे तिला आधीच माहीत होतं. ती पुन्हा ब्लेड घेऊन दोऱ्याकडे वळली. मला दिसलं की हिला प्रेमाने समजावून काही होणार नाही. हिला आकडे लागतात. ताळा चुकलेला दाखवला तरच ही थांबेल.

आणि चुकलेला ताळा माझ्या फोनमध्ये होता.

मी लगेच उठले नाही, हे कबूल करते. मी हिशेब केला. ही दोन पोरं सोडली तर मला जगात कोण होतं? ही मला मावशी म्हणते, पण आईनंतर मीच. आत्ता सांगितलं नाही तर कुणाला कधी कळणार नव्हतं. चार मेसेज पुसायला किती वेळ लागतो? मी त्या चहाच्या कपाकडे बघत बसले. चहावर साय धरली. समोर मास्तरणीने आणखी एक टाका कापला.

"तुझं गणित चुकलंय," मी म्हणाले.

तिने मान वर केली.

"फोटो पाठवायला घुमट पुरा व्हायची गरज नव्हती. तुझ्या आईने अर्धाच मागितला होता. चारदा मागितला. पहिल्यांदा मागितला तेव्हा एक टोपी चांगली झालेली होती. तुझी दुसरी बिघडलेली होती, तरीही तिला चाललं असतं. मी नाही म्हणाले."

"खोटं."

मी दुकानात गेले आणि पर्समधून फोन आणून तिच्या हातात दिला. तिने ब्लेड खाली ठेवलं. पहिल्यापासून वाचायला लागली. मध्येच बोट थांबलं, पुन्हा मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. पोरगी सगळं दोनदा तपासते. शेवटच्या मेसेजपाशी ती इतका वेळ थांबली की फोनचा पडदा दोनदा काळा झाला आणि तिने तो दोनदा उजळला.

"आई मागत होती," ती म्हणाली.

"हो."

"ती मागत होती आणि तू तिला गप पड म्हणालीस."

"हो."

"का?"

कारण माझ्या ओठावर होतं. बघायचं राहिलं असतं तर ती राहिली असती, असं मला वाटलं गं. मला ती सोडवत नव्हती. एवढं म्हणाले असते की झालं असतं. पोर कडक दिसते पण आतून लोणी आहे. तिने माझ्या गळ्यात हात टाकले असते, दोघी मिळून रडलो असतो. मला ते इतकं हवं होतं की मी तोंड उघडलंसुद्धा.

आणि मग मला कळलं की रडून झाल्यावर हिच्यापाशी पुन्हा तोच प्रश्न उरेल, कुणामुळे? आजारावर रागावता येत नाही. देवावर रागावायला ही फार हिशेबी. मावशी बिचारी ठरली की पुन्हा दोन फिरलेले तुकडे, पुन्हा चौदा वेळा मोजणं.

"माझी सवय आहे," मी म्हणाले. "अर्धवट काम मी कुणाला दाखवत नाही."

"आईला पण?"

"आईला पण."

ती उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला, हाताच्या मुठी झाल्या, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती ओरडली. "घाणेरडी सवय आहे तुझी! घाणेरडी! ती आमची आई होती! तुझं गिऱ्हाईक नव्हती!" तिने माझा फोन घुमटावर फेकला. पुठ्ठ्यावर धप्पकन आवाज झाला. शिवणीला काही झालं नाही. मग ती हुंदके देऊन रडली, तोंड वेडंवाकडं करून, लहान मुलं रडतात तशी. मी पुढे झाले तर तिने मला ढकललं. शेपूट दारात येऊन उभा राहिला. तिने त्याला उचललं आणि दुकानात नेलं. मला ऐकू आलं, ती त्याला सांगत होती, "बॅग काढ. बाबांना फोन करायचाय."

मुलांचे बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांना काही उलगडेना. माझ्याकडे बघत होते, मुलीकडे बघत होते. मी डबा भरून दिला. शेपटाने माझ्या कमरेला मिठी मारली आणि उलट्या सातचा त्रिकोण मागितला, तो मी कात्रीने सोडवून दिला. मास्तरीण गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. मी काचेपाशी गेले. तिने काच खाली केली नाही.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "ताई, नक्की काय झालं तुमचं? ती तुमचं नाव काढू देत नाही. परवा मी मावशी म्हणालो तर ताटावरून उठली."

"जेवते ना पण?"

"जेवते. झोपते पण आता. पहिल्या रात्री दहा तास झोपली, मी घाबरून दोनदा श्वास बघून आलो. शाळेचं दप्तर एकदाच भरलं आणि ठेवून दिलं." मग म्हणाले, "तुम्ही काही बोललात का तिला? मी समजावू का?"

"नको," मी म्हणाले. "काही समजावू नका. ती म्हणेल त्याला हो म्हणा."

"अहो पण किती दिवस?"

ते मला ठाऊक नाही. वर्ष लागेल, दहा वर्षं लागतील, ती माझ्याएवढी होईल तेव्हा एखाद्या दुपारी तिच्या लक्षात येईल की एखाद्याला धरून ठेवायला माणूस काय काय करतं. किंवा नाही येणार. मी त्यांना म्हणाले की दुकानात गिऱ्हाईक आलंय, आणि फोन ठेवला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मी मशीनवर बसले आणि बराच वेळ रडले, बारकीसाठी आणि त्या पोरीसाठी, आणि थोडी माझ्यासाठीही. मी तिच्या आईला नाही म्हणाले, एवढंच तिला माहीत आहे, आणि तेवढं तर खरंच आहे.